रामकुंडावरून परत गेलेली पेटी

नाशिक,
रविवार, १४ डिसेंबर

आज सकाळी रिया गेली. मुंबईच्या विमानतळापर्यंत टॅक्सी करून दिली. ताईला दुपारच्या एसटीने नामपूरला जायचं होतं. तिला सोडायला तुझी वहिनी स्टँडवर गेली आहे. तिथून ती बहिणीकडे जाईल आणि संध्याकाळी परत येईल. थंडी आहे. सकाळचं वरण उरलं होतं, तेच भाताबरोबर खाल्लं. घरात मी एकटा आहे.

प्रिय सुधीर,

तुला पत्र लिहायचो तेव्हा वर 'चि. सुधीर' असं असायचं. आताही हात तिकडेच गेला आणि थांबला. गेलेल्या माणसाला चिरंजीव कसं लिहायचं? आणि धाकट्या भावाच्या नावामागे 'कैलासवासी' लावायचं, तेही जमेना. म्हणून प्रिय लिहिलं. आयुष्यात तुला कधी प्रिय म्हटलं नव्हतं. तू असतास तर हसला असतास.

आधी मुद्द्याचं सांगतो. तुझ्या अस्थी आम्ही रामकुंडात सोडल्या नाहीत. तुझी लेक त्या अमेरिकेहून घेऊन आली होती आणि आज परत घेऊन गेली. हे मी ठरवलं. परवापासून नातेवाइकांचे फोन चालू आहेत. लोक कुठून कुठून अस्थी घेऊन नाशकात येतात, आणि तुम्ही नाशिककर असून परत पाठवल्या? मला कोणालाच धड उत्तर देता येत नाही. बरोबर केलं की चूक, हे ज्याला विचारायचं तो तूच. म्हणून लिहायला बसलो. ऑफिसात आयुष्यभर टिपणं लिहिली, त्यामुळे हेही तसंच कोरडं होईल. चालवून घे.

रिया गुरुवारी दुपारी आली. दार उघडलं तर उंच मुलगी, तुझं नाक, पाठीवर सॅक. वाकून पाया पडली, अर्धवटच, आरशासमोर सराव करून आल्यासारखी. मग सॅकमधून एक लाकडी पेटी काढली आणि हॉलमधल्या टीपॉयवर, पेपरावर ठेवली. "बाबा," असं म्हणाली.

ताई सोफ्यावर बसली होती. ती एकदम उठली.

"अगं ए पोरी! बाहेर! बाहेर ने आधी! घरात आणतं का कोणी?"

रियाला मराठीतले थोडे शब्द कळतात. त्यात 'बाहेर' कळतो. तिने पेटी उचलली, दुसऱ्या हातात बूट घेतले आणि निघाली. दार तिनेच लावून घेतलं, हळू.

"मी तिला नाय म्हणलं! पेटीला म्हणलं!" ताई म्हणाली.

"ताई, तिला काय कळणार त्यातलं?" तुझी वहिनी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

मी बाहेर गेलो. रिया लिफ्टपाशी उभी होती. रडत वगैरे नव्हती. ती इंग्रजीतच बोलते, मी इथे मराठीत लिहितो. म्हणाली, "काका, मी हॉटेल बघू का?" मी तिला समजावलं, की तुला नाही, अस्थी घरात आणत नाहीत. विसर्जन होईपर्यंत त्या बाहेर ठेवायच्या, झाडाला बांधायच्या, तशी आपली पद्धत आहे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबांना इतकी वर्षं घरी येता आलं नाही. आता आले, तर तुम्ही म्हणता बाहेर थांबा?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारत होती.

आमच्या सोसायटीत खाली बदामाचं एक झाड आहे. त्याच्याखाली स्कूटर लावतात. तिथे तुला बांधून ठेवू? हा फ्लॅट तू कधी पाहिलासुद्धा नव्हतास. फोनवर तेवढा पाहिलास. "दादा, गॅलरी दाखव, आईची खुर्ची दाखव," म्हणायचास. मी फोन फिरवत बसायचो. मी रियाला म्हटलं, पेटी घेऊन चल आत.

ताई जपमाळ घेऊन गॅलरीत जाऊन बसली. "तुमचं तुम्ही बघा. मी आता काय बोलणार नाय." जेवलीही नाही. पण ताईचं न बोलणं तुला माहीत आहे. थोड्या वेळाने तिथूनच सुरू झाली. "एक शब्द येत नाय पोरीला. सुध्याने शिकवलं काय मग? सगळं विसरला तिकडं जाऊन." तेवढ्यात तिला नामपूरहून मुलाचा फोन आला. आणि ही लगेच, "हां, बरं शे रे सगळं. रविवारी येस मी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. लग्न होऊन नामपूरला गेली तेव्हा पहिल्या सणाला आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती, सासरचे काय बोलतात तेच कळत नाही म्हणून. आठवतं? आता अहिराणी तिच्या तोंडात अशी बसली आहे की तिला पत्ताही नसतो. स्वयंपाक त्यांचा, सण त्यांच्या पद्धतीचे, नाव बदललेलं. तिला कोणी म्हटलं का, तू आपलं विसरलीस? उलट कौतुक झालं, मिसळून गेली म्हणून. मग तुझं काय वेगळं होतं? तिच्याकडे कागद होते म्हणावं, तर लग्नाचं सर्टिफिकेट तिनेही आजवर काढलेलं नाही!

पण तुझं वेगळं होतंच. तू सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलास. सातपूरची कंपनी बंद पडली होती, तुमचं लग्न नवं होतं, कोणीतरी ओळखीचा म्हणाला तिकडे मोटेलवर काम आहे. मुदत संपली आणि तू राहिलास. रिया तिथे जन्मली, म्हणून ती तिथली नागरिक. तू आणि वैशाली मात्र राहून राहून कोणीच नाही झालात. तिथून बाहेर पडलं तर परत जाता येणार नाही, म्हणून आई गेली तेव्हाही तू आला नाहीस. मी तेव्हा तुला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का? मोठा भाऊ म्हणून दोन शब्द रागाने बोललो असतो तर तुला बरं वाटलं असतं का?

मी बोललो ते भलत्याच गोष्टीवर. दर दिवाळीला फोनवर तेच. "पोरीला मराठी येत नाही, लाज नाही वाटत?" तू हसायचास. "दादा, तिला इथली होऊ दे."

गुरुवारी जेवताना रियाने मला एक गोष्ट सांगितली. ती लहान असताना तुम्ही दोघं कुठल्याशा दुकानात रांगेत होता. तिने मोठ्याने हाक मारली, "बाबा, भूक लागली!" पुढे गणवेशातला एक माणूस उभा होता. त्याने वळून पाहिलं. तू तिच्या तोंडावर हात ठेवलास. त्या दिवसानंतर घरातही तू तिच्याशी इंग्रजीतच बोललास. वैशालीशी मराठीत बोलायचास ते स्वयंपाकघरात, दार ओढून.

"काका, ते मराठी का बोलायचे नाहीत माझ्याशी?" तिने मला विचारलं. मला! मी तर तुलाच विचारत होतो.

सुधीर, तू तिथे मिसळत होतास की लपत होतास? की दोन्ही एकच असतं?

आणखी एक तिने सांगितलं, त्याने तर मी पुरता गोंधळलो. मागच्या वर्षी ती कॉलेजच्या मुलांबरोबर फलक घेऊन मोर्च्यात गेली. बिनकागदाच्या लोकांच्या बाजूने. म्हणजे तुझ्याच बाजूने ना? आणि तू तिच्यावर इतका चिडलास की दोन दिवस बोलला नाहीस. "आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने आवाज करायचा नसतो." वर म्हणालास, हे नवीन येणारे इथली रीत शिकत नाहीत, दहा जण एका घरात राहतात, यांच्यामुळे आपल्यावर नजर जाते. अरे, मग तू कोण होतास? तुझी मुलगी तिथे कॉलेजात गेली, तुझे केस पांढरे झाले, तरी पाहुणा? इतक्या वर्षांत पाहुण्याचा घरचा होत नाही का कोणी?

माझं तरी कुठे ठरलेलं आहे म्हणा. सकाळच्या फेरीनंतर आम्ही चार म्हातारे बाकावर बसतो. टीव्हीवर तिकडून परत पाठवलेली माणसं दाखवली की कुलकर्णी सुरू होतात. "बेकायदा घुसायचं आणि वर हक्क मागायचे! तिथे जायचं तर तिथलं होऊन राहावं." एकदा म्हणाले, "तुमच्या धाकट्यासारखं सरळ मार्गाने जावं की!" त्यांना वाटतं तुझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. मी मान हलवली.

समोर नवी इमारत चालली आहे. तिथले मजूर आपसात बंगाली बोलतात. त्यावर बाकावर चर्चा. हे कुठले, सीमेपलीकडचे तर नाहीत, कागद बघायला पाहिजेत. राहायचं तर मराठी शिकावी. त्यावरही मी मान हलवतो. आणि नुसती हलवत नाही, मला तसं वाटतंही. खोटं कशाला बोलू? कोणीही यावं आणि राहावं, असं कसं चालेल? नियम असायला नकोत का? पण परवा त्यातला एक जण फोनवर बोलत पायरीवर बसला होता. फोन समोर धरून बोटाने काहीतरी दाखवत होता, परांचीमागे चढलेली भिंत, क्रेन. तू गॅलरी बघायचास ते मला आठवलं. मग मी कुलकर्ण्यांबरोबर की कोणाबरोबर? माहीत नाही. तू तर तिथली भाषा शिकलास, त्यांच्यासारखं जेवलास, कर भरतो म्हणायचास. तरी कागद नव्हते. म्हणजे मिसळून भागत नाही. आणि नुसत्या कागदांनी भागतं का? यावर तुझ्याशी एकदा शांतपणे बोलायला हवं होतं. आपण क्रिकेटवर बोललो.

आता शुक्रवारचं.

सकाळी आम्ही चौघं रामकुंडावर गेलो. आपलेच गुरुजी, आईचं ज्यांनी केलं ते. रिया करणार म्हटल्यावर म्हणाले, "मुली करतात हल्ली, काही अडचण नाही." पेटी उघडली. आत पिशवी, पिशवीत करडी पूड.

ताई वाकून बघते तो काय! "ही तर राख हाय. हाडं कुठं गेली?"

"तिकडून असंच येतं, मावशी. दळून देतात," गुरुजी म्हणाले.

"आई गं!" ताईने पदर तोंडाला लावला.

वैशालीला व्हिडिओ कॉल लावला होता. तिच्याकडे संध्याकाळ. फोन रियाच्या हातात. गुरुजींनी संकल्पाला सुरुवात केली आणि मला विचारलं, "कुठे वारले?" मी म्हटलं, अमेरिकेत. "ते झालं. पण कायमचे राहणारे कुठले?"

तेव्हा मला आईचं वर्षश्राद्ध आठवलं. तू तिकडे टेबलावर फोन उभा करून बसला होतास आणि हेच गुरुजी इथून सांगत होते. त्यांनी तुलाही विचारलं होतं, "गाव कोणतं म्हणू?" तू म्हणालास, "नाशिकच म्हणा." मला तेव्हा भरून आलं होतं. आता वाटतं, तू देवापुढेही तिथला पत्ता सांगायला घाबरलास का? की तुला खरंच नाशिक वाटत होतं? एकदा म्हणाला होतास, "माझं काही झालं तर तिकडे आणायच्या भानगडीत पडू नका, मी आता इथलाच." आणि एकदा म्हणालास, "शेवटी रामकुंडच ना, दादा." यातलं कोणतं धरू? दोन्ही वेळा तू हसतच बोलला होतास.

मीही नाशिकच सांगितलं. गुरुजी पुढे म्हणत राहिले. मग ते म्हणाले, आता पाण्यात उतरा. मी आणि रिया पायरी उतरलो. आणि फोनमधून वैशालीचा आवाज आला.

"भाऊजी, जरा थांबता?"

मी थांबलो.

"मी हो म्हणाले होते, मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात आपल्या सगळ्यांचं तिथेच झालं, ते मला पटलंही होतं. पण आता ते पाणी दिसतंय ना, भाऊजी... आम्ही दोघं येणार होतो. रिया पुढच्या वर्षी एकवीसची झाली की ती आमच्यासाठी अर्ज करणार होती. कागद झाले की पहिलं नाशिक, असं ठरलं होतं. ते एकटेच पुढे गेले तर मी कशासाठी येऊ? आणि मला यायला कधी मिळेल, मिळेल की नाही, काय ठाऊक! तोवर इथे माझ्याकडे काय आहे त्यांचं?"

मग म्हणाली, "मी आणते ना त्यांना. मी स्वतः घेऊन येते."

तुझी बायको कधी एवढं बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"अगं, पाण्यापाशी आणल्यावर असं करतात का?" ताई म्हणाली. तिने रियाच्या हातातून फोन घेतला, डोळ्यांजवळ नेला. आता ही काय ऐकवते म्हणून मला धास्ती. ताई नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "लय वाळलीस गं वैशाली." मग दोघी रडल्या. एक इथे, एक तिथे. ताईने पुढे हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मागे दुसरं एक कुटुंब लाल फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन उभं होतं. त्यांच्यातला मुलगा म्हणाला, "काका, आवरता का जरा? आम्हाला लांब जायचंय." पाणी गार होतं. रिया माझ्याकडे बघत होती, पेटी छातीशी धरून. तिला सगळं कळलं होतं असं नाही, पण आई रडते आहे एवढं कळलं असणार.

मी गुरुजींना म्हटलं, "आज नको."

"अहो, लोक हजार मैलांवरून इथे आणतात. तुम्ही इथून परत नेता?"

"हो."

ते म्हणाले, "तुम्ही मालक. मग नुसती तिलांजली देऊन घ्या." रियाने ओंजळीत पाणी आणि तीळ घेतले. मी पुढे सांगत गेलो, ती मागे म्हणत गेली. तुझं नाव तिने मात्र अगदी स्वच्छ घेतलं. मग आम्ही बाजूला झालो आणि त्या मुलाला जागा दिली.

घरी येताना रिक्षात रियाच्या मांडीवर पेटी. ताईने नंतर माझ्याशी अबोला धरला, तो काल संध्याकाळी संपला. आज निघताना रियाच्या हातात तिने नागलीच्या पापडांची पिशवी दिली आणि हातवारे करून कसे भाजायचे ते समजावलं. रिया "हो आत्या, हो आत्या" करत होती. किती कळलं देव जाणे.

टॅक्सी निघाली तेव्हा मला एकदम वाटलं, चुकलं. थांबवावी का? तुला आम्ही घरापर्यंत आणलं, नदीपर्यंत नेलं आणि परत त्याच देशात पाठवलं, जिथे तू एवढी वर्षं मान खाली घालून राहिलास. तुला सुटायचं होतं का? तू थकला होतास का? आता पेटी घेऊन आत जायला रियाला कोणी अडवणार नाही, तिच्याकडे पासपोर्ट आहे. पण तू पुन्हा तिथेच. कपाटात की कुठे ठेवतील तुला? मी विचारलंही नाही. लगेच वाटलं, वैशाली एकटी आहे तिथे. तिच्या दारावर कोणी टकटक केली तर आतून कोण बोलणार? मग वाटलं, पेटी काय बोलणार आहे? असं दिवसभर चाललंय.

तुझं मत काही मला कळणार नाही. तर मग माझ्या बाजूने एवढं सांगून ठेवतो. वैशालीला कागद मिळतील आणि ती तुला घेऊन येईल, त्या दिवशी मी विमानतळावर येईन. तोवर पाय चालत असले तर चालत, नाहीतर काठी घेऊन. आणि तू आधी घरात येशील, मग कुंडावर. ताई काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि दुसरं. बाकावर कोणी तुझ्याबद्दल विचारलं तर सांगेन, माझ्या भावाकडे कागद नव्हते. आपण होऊन उद्याच सांगेन असं म्हणत नाही, तेवढं धैर्य माझ्यात नाही हे तुला ठाऊक आहे. पण विचारलं तर आता मान हलवणार नाही.

रियाने जाताना अंथरूण उचलून नीट एका बाजूला ठेवलं आहे. चादर मात्र तशीच राहिली. डबल बेडची आहे, घडी घालायला दोघं लागतात. वहिनीला यायला वेळ आहे. एक टोक हनुवटीखाली धरून बघतो, जमतं का.

तुझा,
दादा